कार्यक्रमासाठी टी-शर्ट, मग, पिशव्या छापताना: आधी आकडा, मग छपाई

गणेशोत्सव मंडळ, ढोल-ताशा पथक, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, तालुक्याची अर्धमॅरेथॉन, कॉलेजचा फेस्टिव्हल. यांपैकी कशाच्याही आयोजनात तुम्ही पहिल्यांदाच पडला असाल, तर एखाद्या बैठकीत कोणीतरी “यंदा टी-शर्ट करूया” असे म्हणतेच. सगळे माना डोलावतात, काम तुमच्या गळ्यात पडते आणि तुम्ही छपाईवाल्याला फोन करून विचारता, “एका टी-शर्टचे किती?” तो उलट विचारतो, “नग किती?” नवख्यांचे गाडे बहुतेक वेळा इथेच अडते. मग घाईत “धरा दोनशे” असे सांगितले जाते आणि कार्यक्रम संपल्यावर त्यातले सत्तर खजिनदाराच्या माळ्यावर जातात.

स्क्रीन प्रिंटिंग (जाळीच्या फ्रेममधून शाई दाबून केलेली छपाई) की डीटीएफ (चित्र आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवायचे), गोल गळा की कॉलर, हे प्रश्न नंतरचे. उरलेला माल कोणाच्या गळ्यात पडणार, हे आधी ठरले की बाकीच्या गोष्टी बऱ्याचशा आपोआप ठरतात.

पायरी १: नक्की किती आणि अंदाजे किती

एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात ज्यांना द्यायचेच आहे त्यांची नावे लिहा: वादक, कार्यकर्ते, स्वयंसेवक, नोंदणी शुल्क भरलेले धावपटू. दुसऱ्यात “येतील आणि घेतील बहुतेक” अशांचा आकडा लिहा. पहिला रकाना म्हणजे ऑर्डर, दुसरा म्हणजे अंदाज. या दोघांसाठी एकच पद्धत वापरू नका.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेले अंगठे पहिल्या रकान्यात धरायचे नाहीत. ज्याचे पैसे आले, त्याचेच नाव पहिल्या रकान्यात. हे थोडे कठोर वाटते, पण माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात “माझे दोन लिही रे” म्हणणारा दोस्त ऐन दिवशी सहकुटुंब कोकणात असतो.

फुकट देणार की विकणार, हेही आत्ताच ठरवा. फुकट असेल तर प्रत्येक जण घेतो आणि घरच्यांसाठीही मागतो, म्हणून यादी आणि सही हवी. पन्नास रुपये जरी लावले तरी मागणी एकदम खाली येते.

पायरी २: चार वाटांपैकी एक निवडा

पहिली वाट म्हणजे आधी नोंदणी, आधी पैसे आणि कार्यक्रमाच्या दिवशी वाटप. गूगल फॉर्ममध्ये नाव, फोन, माप आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक एवढेच विचारा. चौदा रकान्यांचा फॉर्म कोणी भरत नाही. माप ‘एल’, ‘एक्सएल’ असे नुसते विचारू नका, कारण प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा असतो. छातीची मोजणी इंचांत दाखवणारा तक्ता फॉर्मवरच टाका आणि घरातला अंगाला नीट बसणारा टी-शर्ट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगा. त्या मोजणीची दुप्पट म्हणजे टी-शर्टची छाती. शंभर नगांमागे चार-पाच नग जास्तीचे छापा, तेही एल आणि एक्सएलमध्ये, कारण अदलाबदल नेहमी वरच्या मापाकडेच होते. पथके, मेळावे आणि शर्यती यांना ही वाट सगळ्यात सुरक्षित. शर्यतीच्या नोंदणी अर्जात मापाचा रकाना असतो तो याचसाठी.

दुसरी वाट आधी छापून स्टॉलवर विकण्याची. दिसायला ही सोपी आणि पैसे बुडवण्यात पहिली. समजा, एक टी-शर्ट तुम्हाला २२० रुपयांना पडला, तुम्ही तो ३५० ला विकणार आणि शंभर छापले. एकूण खर्च २२,००० रुपये. ६३ टी-शर्ट विकले गेले की मुद्दल सुटते, म्हणजे जो काही नफा आहे तो शेवटच्या ३७ मध्ये आहे. साठच विकले जातील असे वाटत असेल, तर शंभर छापण्यात अर्थ नाही. त्यात मापांचा घोळ वेगळा: उरतात ते बहुधा एस आणि डबल एक्सएल, आणि स्टॉलवर मागणी असते ती एलला. त्यामुळे पहिल्या वर्षी या वाटेने टी-शर्ट विकायला जाऊच नये, असे माझे मत आहे. मापे नसलेल्या वस्तू, म्हणजे पिशव्या, बॅज, की-चेन, या वाटेने चालतात.

तिसरी वाट जागेवर छपाईची आणि सध्या तिचीच हवा आहे. चित्रे डीटीएफ पद्धतीने फिल्मवर आधीच छापून आणायची, कोरे टी-शर्ट सोबत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाने चित्र व माप निवडले की हीट प्रेसवर, म्हणजे तापलेल्या पाट्याने दाबणाऱ्या यंत्रावर, समोरच दाबून द्यायचे. प्रिंटर स्टॉलवर आणावा लागत नाही, फक्त प्रेस लागते. फायदा उघड आहे: उरलेले कोरे टी-शर्ट कोरेच राहतात, पुढच्या कार्यक्रमात वापरता येतात, आधी बोलून ठेवले असेल तर काही व्यापारी परतही घेतात. वाया जाते ती फक्त फिल्म. शिवाय प्रेसभोवती बघ्यांची गर्दी जमते आणि त्यातले काही जण विकत घेतात.

पण वेळेचा हिशेब कोणी करत नाही. प्रेस साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा सेकंद दाबायची, फिल्म सोलायची, पुन्हा पाच-दहा सेकंद दाबायची. माप काढणे, चित्र सरळ ठेवणे, पैसे घेणे, घडी घालणे हे सगळे धरले तर एका नगाला दोन मिनिटे लागतात. एका प्रेसवर तासाला तीस. नाटकाच्या स्पर्धेत मध्यंतर अर्ध्या तासाचे असेल तर तुम्ही पंधरा जणांना टी-शर्ट देऊ शकता, सोळावा आत निघून जातो. काही फिल्म तर पूर्ण थंड झाल्यावरच सोलायच्या असतात, त्या अशा ठिकाणी घेऊच नका. घेताना गरम सोलायच्या आहेत ना, हे विचारा. दिवसभर गर्दी सावकाश येत राहते असा कार्यक्रम असेल, तर मात्र ही वाट उत्तम.

विजेचेही पाहा. १५ बाय १५ इंचांची प्रेस साधारण दीड ते दोन किलोवॉट ओढते. तिला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. मंडपातल्या माळांच्या एक्स्टेंशनवर ती लावली तर आधी वायर तापते, मग अख्ख्या मंडपात अंधार होतो. मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला दोन दिवस आधी सांगून स्वतंत्र लाइन घ्या, शेजारी अग्निशामक नळकांडे ठेवा आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही असे टेबल मांडा. भाद्रपदातल्या दमट हवेत सुती कापड ओल धरते, म्हणून चित्र ठेवण्याआधी कोरा टी-शर्ट चार-पाच सेकंद नुसताच दाबून घ्यायचा. नाहीतर चित्राच्या कडा धुण्यात उचलतात. फिल्मचे गठ्ठेही घट्ट बंद पिशवीत.

जागेवर नाव छापून देणार असाल तर गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर नाव लिहायला लावा. ऐकून टाइप केलेल्या ‘श्रुती’ची ‘श्रृती’ झाली, तर तो टी-शर्ट तुमच्या खात्यात.

चौथी वाट म्हणजे स्टॉलवर फक्त नमुने ठेवायचे, ऑर्डर व पैसे घ्यायचे आणि माल नंतर घरपोच पाठवायचा. उरण्याची भीती शून्य. पण कार्यक्रमाच्या उत्साहात अंगात घालायला मिळत नाही म्हणून घेणारे कमी होतात आणि प्रत्येक पार्सलला कुरिअरचा खर्च लागतो. महाग वस्तूंना, म्हणजे हुडी, जॅकेट, भरतकाम केलेले कॉलर टी-शर्ट यांना ती शोभते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना भारतातून बॅगेत भरून माल नेण्याचा मोह होतो. १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा) एक टी-शर्ट साधारण १८० ते २०० ग्रॅम भरतो, म्हणजे शंभर टी-शर्टांत २३ किलोची एक बॅग जवळजवळ संपते. आणि विकायला नेलेला माल वैयक्तिक सामान ठरत नाही, त्यावर सीमाशुल्क लागू शकते. त्यांनी फाइल पाठवून तिथेच छापून घेतलेले बरे.

नवख्या आयोजकाला माझा सल्ला असा: पहिल्या रकान्यासाठी पहिली वाट, दुसऱ्यासाठी तिसरी, आणि तीही एकाच प्रेसवर.

पायरी ३: वस्तू कोणती

टी-शर्ट सोडूनही विचार करा. त्याची मापे हीच त्याची मोठी अडचण आहे. ५८ मिलिमीटरचा गोल बॅज, कापडी पिशवी, मग, टोपी यांना मापाची कटकट नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे जाड कापडाची, पट्टे नीट शिवलेली पिशवी लोक खरोखर वापरतात. भाजीबाजारात वर्षभर फिरणारी तुमच्या मंडळाची जाहिरातच ती. कॉफीचा मग दिसतो छान, पण तो जड असतो, फुटतो आणि मिरवणुकीत हातात घेऊन कोणी नाचत नाही. बसून होणाऱ्या कार्यक्रमांतच तो ठेवा. पाहुण्यांच्या सत्कारासाठी काही वेगळे हवे असेल तर सोलापूरचे टेरी टॉवेल बघा. त्यावर छापायला मात्र जाऊ नका, लूपांवर शाई नीट बसत नाही. कोपऱ्यात भरतकामाने नाव करून घ्या.

टी-शर्टच करायचा ठरला तर कापड हातात घेऊन पाहा. गोल गळ्याच्या सुती टी-शर्टला १८० जीएसएम बायोवॉश (एन्झाइमने धुऊन गुळगुळीत केलेले कापड) हा मध्यम, भरवशाचा दर्जा. त्याच्या बराच खाली गेलात तर पांढऱ्या टी-शर्टातून आतले दिसते. तिरुपूरचा होजिअरी माल सगळीकडे मिळतो, हुडी लुधियानाकडून येतात. धावणाऱ्यांना आणि दोन-दोन तास ढोल वाजवणाऱ्यांना पॉलिस्टरचा, घाम लवकर वाळवणारा ड्राय-फिट बरा, कारण सुती कापड घामाने जड होते.

पायरी ४: छपाईची पद्धत

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम बनवावी लागते आणि तिचा खर्च नग बारा असोत की तीनशे, तेवढाच येतो. समजा, फ्रेमला ४०० रुपये आणि चित्रात तीन रंग, तर १,२०० रुपये झाले. बारा नगांत वाटले तर नगामागे शंभर, तीनशेंत वाटले तर चार. म्हणून नग जास्त आणि रंग कमी असतील तर स्क्रीनसारखे स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. एक गोष्ट दर विचारतानाच स्पष्ट करा: काळ्या किंवा गडद कापडावर रंग उठून दिसावेत म्हणून खाली पांढऱ्याचा हात मारतात, तो एक रंग जास्तीचा धरतात. ‘दोन रंग’ सांगून तीनचे बिल येते ते यामुळे.

नग कमी, रंग भरपूर किंवा प्रत्येकावर वेगळे नाव, तर डीटीएफ. फिल्म मीटरवर मिळते, तेव्हा रिकाम्या जागेत बॅजची आणि टोपीची छोटी चित्रेही बसवून घ्या. पण छातीभर भरीव चौकोन डीटीएफने छापलात तर तो भाग रबरासारखा होतो, हवा जात नाही. वादक शिव्या देतील. चित्र मोकळे, रेघारेघांचे ठेवा.

सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून ती कापडात उतरवायची) फक्त पॉलिस्टरवर आणि फिकट रंगावर होते, कारण त्यात रंग धाग्यातच मुरतो आणि पांढरी शाई नसते. मगसुद्धा खास लेप दिलेलेच लागतात, घरातला कोणताही कप चालत नाही. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरी अक्षरे छापायची असतील तर सावध राहा. उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरे ‘मोरया’ काही दिवसांत गुलाबी होते. छपाईवाल्याला हे आधीच विचारा. जो “काही होत नाही हो” म्हणून उडवून लावतो, त्याच्याकडून आधी नमुना करून घ्या, तीन-चार दिवस ठेवा आणि मग बोला.

भरतकाम कॉलर टी-शर्टच्या खिशाजवळ आणि टोपीवर. बारीक अक्षरांना ते चालत नाही.

पायरी ५: चित्राची फाइल, आणि आपली देवनागरी

इंग्रजी मजकुराला जे त्रास होत नाहीत ते मराठीला होतात. तुमच्या संगणकावर ‘ज्ञानेश्वर’ नीट दिसतो, छपाईवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये (चित्र मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडाक्षरे सुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि ते कोणाच्या लक्षात येण्याआधी फ्रेम बनून जाते. उपाय एकच: मजकूर ‘कर्व्ह’ करून पाठवा, म्हणजे अक्षरे टाइप राहत नाहीत, आकृती होतात. सोबत पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून चित्र पाठवू नका, ते दाबले जाऊन धूसर होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फॉन्टचा परवाना बघा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत, ठसठशीत छापले जातात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर फॉन्टमध्ये ते आहेत का, हे छापण्याआधी पाहून घ्या. अनुस्वार आणि नुक्ते लहान अक्षरांत शाईने बुजतात किंवा गायब होतात, तेव्हा चित्र खऱ्या मापात कागदावर छापून हाताच्या अंतरावरून वाचा. भगवा रंग नुसता ‘भगवा’ म्हणून सांगाल तर केशरीपासून विटकरीपर्यंत काहीही येते. पॅन्टोन क्रमांक (छपाईत छटा ठरवण्यासाठी वापरतात तो क्रमांक) द्या, किंवा हव्या त्या छटेचा कापडाचा तुकडाच नेऊन द्या. सगळे टी-शर्ट एकाच लॉटमधले हवेत, असेही सांगा. दोन लॉटमधले भगवे रांगेत उभे केले की फरक दुरूनही दिसतो.

पुरस्कर्त्यांची नावे पाठीवर छापणे आलेच. पण कोणाचे नाव किती मोठे, हे पैसे घेतानाच लिहून ठेवा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा. बारा दुकाने आणि दोन नगरसेवक पाठीवर घेऊन फिरणारा टी-शर्ट पुढच्या आठवड्यात फरशी पुसायला लागतो.

दुसऱ्याचे चिन्ह, क्रिकेट संघाचा लोगो, कार्टूनमधली पात्रे परवानगीशिवाय घेऊ नका, विकत देणार असाल तर अजिबातच नाही. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाला तिरंगी छटा वापरणे वेगळे आणि राष्ट्रध्वज छापणे वेगळे. राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार ध्वजावर अक्षरे छापता येत नाहीत. रुमाल, उशा यांवर ध्वज छापता येत नाही आणि कमरेखालच्या कपड्यांतही तो वापरता येत नाही. मंडळाचे नाव ध्वजावर टाकण्याची कल्पना बैठकीत निघाली तर तिथेच थांबवा.

पायरी ६: छपाईवाला आणि तारखा

श्रावण-भाद्रपदात छपाईवाल्यांची तारांबळ असते. दहीहंडीचे गोविंदा पथकांचे टी-शर्ट, १५ ऑगस्ट, मग लगेच गणपती. निवडणूक लागली तर विचारूच नका. साधी छपाई चार दिवसांत होते, पण त्या काळात चार दिवसांचे पंधरा होतात. म्हणून कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजा: दोन दिवस आधी माल हातात, त्याआधी दोन आठवडे छपाईला, त्याआधी एक आठवडा नमुना आणि दुरुस्तीला, आणि त्याआधी नोंदणी बंद. नोंदणीची जाहीर तारीख खऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीची ठेवा. उशिरा येणारे येतातच.

नमुन्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. नमुना दोनदा धुवा, एकदा मशीनमध्ये. आटला किती ते मोजा, चित्र ताणून बघा. पसंत पडला की त्याचा फोटो, मापांची यादी, दर, तारीख आणि आगाऊ रक्कम हे सगळे एकाच मेसेजमध्ये लिहून छपाईवाल्याकडून “ओके” घ्या. निम्मी रक्कम आगाऊ देण्याची रीत आहे. उरलेली रक्कम गठ्ठे उघडून, मापे मोजून झाल्यावर द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, तेव्हा दर जीएसटीसह की वेगळा, ते विचारा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असेल तर बिल मंडळाच्याच नावाने हवे, लेखापरीक्षणात ते लागते.

पायरी ७: वाटपाचा दिवस

मापानुसार गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. नावांची यादी आडनावानुसार छापून दोन प्रती ठेवा, कारण मोबाइलमधली शीट ऐन वेळी उघडत नाही. गर्दीत नेटवर्क बसते आणि यूपीआय अडकते. क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर चालणाऱ्या फोनशी जोडलेले असू द्या आणि सुट्ट्या पैशांचा डबा ठेवा. किंमत ३४९ लावण्यापेक्षा ३५० लावा.

अदलाबदल लगेच करू नका. “सगळ्यांचे वाटप झाल्यावर सहा वाजता या” असे सांगा. आधीच बदलून दिलेत तर शेवटी येणाऱ्याला त्याचे नोंदवलेले मापच मिळत नाही आणि तो भांडतो, ते रास्तच असते. पावसाळ्यात खोकी जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला.

नंतरचे

त्याच रात्री उरलेले नग मापानुसार मोजून लिहून ठेवा. हीच पुढच्या वर्षाची खरी माहिती. स्क्रीनच्या फ्रेम छपाईवाला धुऊन दुसऱ्या कामाला वापरतो, तेव्हा महिन्याभरात आणखी नग लागण्याची शक्यता असेल तर फ्रेम राखून ठेवायला आधीच सांगा. कर्व्ह केलेली फाइल, रंगाचा क्रमांक, कापडाचा जीएसएम आणि अंतिम मापांची यादी मंडळाच्या ईमेलवर ठेवा, एखाद्या कार्यकर्त्याच्या फोनमध्ये नको. उरलेल्या टी-शर्टवर वर्ष छापलेले नसेल तर ते पुढच्या स्वयंसेवकांना देता येतात. म्हणून वर्ष टाकायचेच असेल तर ते टी-शर्टवर न टाकता बॅजवर टाका.